एटेल्का नेनी आणि बांधावरची घसरण

तिसा नदीकाठचं ते गाव इतकं सपाट आहे की अंगणात पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला वाहायचं याचा त्याला जरा विचार करावा लागतो. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे पुरासाठी घातलेला मातीचा बांध. चर्चचा मनोरा त्याहून उंच आहे, पण त्यावर घंटा वाजवणाऱ्याखेरीज कुणी चढत नसे, आणि हल्ली घंटाही विजेवर वाजते.

अशा गावात जवळजवळ प्रत्येक घरी डोंगर चढायची सायकल आहे. जाड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, दांड्यावर वीज पडल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं. सेगेद शहरातल्या मोठ्या दुकानांत सगळ्यात स्वस्त सायकल हीच मिळते, एवढंच त्याचं कारण. लोक ती घरी आणतात, तिला मडगार्ड, कॅरिअर, घंटी आणि पुढे वेताची टोपली लावतात, आणि मग त्या डोंगरी सायकलीवरून कांदे, पाव, कोंबड्यांचं खाद्य आणि कब्रस्तानात वाहायची फुलं नेतात. डोंगराची आठवण तिला कुणी करून देत नाही.

एटेल्का नेनीला मात्र सायकल विकत घ्यावी लागली नाही. अग्निशमन दलाचा दर हिवाळ्यात नाच असतो, त्यात सोडत असते. त्या वर्षी पहिलं बक्षीस अख्खं डुक्कर होतं आणि दुसरं सायकल. तिचा डोळा डुकरावर होता. डुक्कर गावच्या दंतवैद्याला लागलं, ज्याला डुकराचं काय करायचं ते कळेना, आणि सायकल एटेल्का नेनीला लागली, जिला सायकलीचं काय करायचं ते कळेना. अदलाबदलीचा प्रस्ताव तिने मांडला होता, पण तोपर्यंत दंतवैद्याच्या बायकोने सॉसेजचं माप काढलं होतं.

गावात वयस्क बाईला नेनी म्हणतात आणि वयस्क पुरुषाला बाची. एटेल्काला लोक तिशीतच नेनी म्हणू लागले, कारण ती रेल्वेच्या फाटकावर होती. गावाबाहेर जिथे रस्ता रूळ ओलांडतो तिथल्या पिवळ्या घरात ती राहायची, आणि गाडीची घंटा झाली की दांडा खाली पाडायची. ट्रॅक्टर, लग्नाच्या वराती, एकदा तर खुद्द बिशप, सगळ्यांना तिने थांबवलं. तिशीतल्या बाईने बिशपला थांबवायचं म्हणजे तिला नेनी म्हणावंच लागतं. नवरा काल्मान रुळांवरच्या तुकडीत होता. तो सकाळी निघायचा, रुळांच्या कडेने दूरपर्यंत जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. ती कुठेच जायची नाही. फाटक सोडून जाता येत नाही, ही त्या नोकरीची एकमेव अट होती आणि ती चोवीस तास लागू होती. जग तिच्यासमोरून जायचं, आणि तिने परवानगी दिली की जायचं, यात एक मान होता हे खरं. पण एखाद्याने आयुष्यभर दाराशी उभं राहून पाहुण्यांचे कोट घ्यावेत आणि आत काय जेवण चाललंय ते त्याला कधीच कळू नये, तसा तो मान होता.

पुढे त्या मार्गावरच्या गाड्या बंद झाल्या, दांडा काढून नेला, तिला निवृत्त केलं. काल्मान त्याच वर्षीच्या शरद ऋतूत गेला. मुलगी ओर्शोया सेगेदला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती. एटेल्का नेनीने गावात एक छोटं घर घेतलं आणि खिडकीशी खुर्ची मांडली, कारण बसून रस्त्याकडे बघणं तिला चांगलं जमत होतं. आणि मग ती सोडत लागली.

आधी ती बाजारापर्यंत गेली. मग कब्रस्तानापर्यंत. उन्हाळा आला तेव्हा ती बांधाचा चढ चढून, पलीकडे उतरून, तराफ्यावर सायकल चढवून नदीच्या पार गेली. तिकडच्या गावात गरम पाण्याची कुंडं आहेत. म्हातारी माणसं गळ्यापर्यंत त्यात बसून पत्ते खेळतात आणि जे पाण्यात नाहीत त्यांच्याबद्दल बोलतात. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे कुंडाचे वार झाले. ज्या माणसाने नव्याने प्रवास सुरू केला आहे त्याला नदी ओलांडणं हे समुद्र ओलांडण्यासारखंच असतं, आणि परत यायला सोपं पडतं. अशी बारा वर्षं गेली. बहात्तराव्या वर्षी एटेल्का नेनीला विचारलं असतं की तुझं आयुष्य कुठलं, तर तिने पिवळ्या घराचं नाव घेतलं नसतं.

वसंतात ती पहिल्यांदा घसरली.

बांधाचा चढ गाडीवाल्याला जाणवतही नाही, पण सायकलवाल्याला तिथे सीटवरून उठून पायडलवर उभं राहावं लागतं. ती उभी राहिली, उजव्या पायावर भार दिला, आणि पायाखालची पायरीच नाहीशी झाली. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. कट्‌ असा आवाज झाला, गुडघा हँडलवर आपटला, आणि ती कशीबशी उतरली. पहिला विचार चेनचा. चेन उतरली असणार. तिने वाकून पाहिलं. चेन जागेवर होती. पायडल जागेवर होतं. मग जागेवरून गेलं काय?

हा प्रश्न तिने तिथेच सोडून द्यायला हवा होता, पण तो तिच्याबरोबर कुंडात उतरला. तिच्या आईचे पाय असेच गेले होते. विहिरीवरून बादली घेऊन येताना बाई अंगणाच्या मधोमध खाली बसली आणि म्हणाली, ‘पाय कुठे गेले माझे?’ घरातले हसले. नंतरची सगळी वर्षं ती स्वयंपाकघरातल्या खाटेवर होती.

दुसऱ्या वेळी ती खरोखरच पडली, आणि तीही तराफेवाल्या बालिंतच्या देखत. गुडघा सोलवटला, टोपलीतला टॉवेल धुळीत गेला. बालिंतने धावत येऊन तिला उठवलं, आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी त्याच्या तराफ्याहून किती तरी वेगाने नदी ओलांडून, केशकर्तनालयातून जाऊन सेगेदला पोचली. ओर्शोयाने आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, कानात पाहिलं, एका रेषेत चालायला लावलं. सगळं ठीक होतं. ‘पण या वयात,’ एवढं बोलून ते थांबले, आणि उरलेलं वाक्य ओर्शोयाने गाडीत पूर्ण केलं.

‘आई, रविवारी आम्ही जेवायला येतोय. गाडीच्या मागे सायकल अडकवायचा सांगाडा लावून घेऊन येतोय. सायकल आमच्याकडे राहील.’

‘आणि मी?’

‘तू खिडकीशी बस ना जरा. छान खिडकी आहे.’

 एटेल्का नेनीला वाद घालायचा तर आधी म्हणावं लागलं असतं, की बिघाड सायकलीत आहे. आणि कुणी सायकल तपासली आणि ती नीट निघाली, तर बिघाड कुठे आहे हे उघडच होतं. म्हणून दुसऱ्यांदा पडल्यापासून तिने सायकल शेडमध्ये ठेवली होती आणि दाराला कडी घातली होती. जोवर तपासलेली नाही, तोवर दोघींवर सारखाच संशय होता. तेवढा तरी आधार होता.

शेजारी देझो बाची यांना मात्र हे सूक्ष्म गणित ठाऊक नव्हतं. देझो बाची जन्मभर सहकारी शेतीच्या वीजखात्यात होते. प्रत्येक वस्तूत एक चुकीची जोडणी असते आणि ती आधीच्या माणसाने केलेली असते, यावर त्यांचा विश्वास होता. अंगाने ते अस्वलासारखे होते. फेब्रुवारीत एटेल्का नेनीच्या नामदिनाला, म्हणजे पंचांगात तिच्या नावाचा दिवस येतो तेव्हा, त्यांनी फुलांऐवजी नवीकोरी सायकलची चेन आणली होती, लाल फीत बांधून. जुनी चेन झिजून इतकी लांबली होती की झोपाळ्यासारखी लोंबायची. नवी त्यांनी स्वतः बसवली, वर घरची जर्दाळूची दारू प्यायले, आणि म्हणाले, ‘बघा, फुलं आठवड्यात सुकली असती.’

ओर्शोयाने शुक्रवारी त्यांना फोन केला. आई पडली तर लगेच कळवा, एवढंच सांगायचं होतं तिला. पण बोलता बोलता ती म्हणाली, ‘चेन तुम्हीच लावली होती ना?’

अर्ध्या मिनिटात देझो बाची हत्यारांची पेटी घेऊन कुंपणातल्या फटीतून आत आले.

‘शेजारीणबाई, सायकल काढा.’

‘कशाला? ठीक आहे ती.’

‘ठीक आहेच. पण ती ठीक आहे हे आता सेगेदपर्यंत सिद्ध करावं लागेल. माझ्या चेनवर आळ आलाय.’

‘तुमच्या चेनला कोण काय म्हणतंय? राहू दे, शेजारी. कॉफी करते.’

‘कॉफी मागाहून. आधी अब्रू.’

त्यांनी स्वतःच कडी काढली, सायकल अंगणात आणून सीट आणि हँडलवर उलटी उभी केली आणि हाताने पायडल फिरवलं. मागचं चाक भिरभिरू लागलं. एटेल्का नेनी बाकावर बसली. हात तिने एप्रनखाली घेतले होते.

देझो बाचींनी तपासणी सुरू केली, आणि ती त्यांनी मनापासून केली हे मान्य करायला हवं. आधी त्यांनी चेनची एकेक कडी बोटांत धरून वाकवून पाहिली. एखादी कडी आखडलेली असली की ती दर फेरीला दात्यांवर अडखळते आणि उडी मारते. एकही आखडलेली नव्हती. ‘ठीक,’ ते म्हणाले. मग चेनला ताण देणारा मागचा लोंबता हात पाहिला. तो ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती वाकली तर चेन तिरकी धावते. पट्टी सरळ होती. ‘हेही ठीक.’ चेन आतल्या बाजूला आरांमध्ये आणि बाहेरच्या बाजूला दांड्यावर पडू नये म्हणून दोन छोटे स्क्रू असतात, ते पाहिले. गिअरची तार ओढून पाहिली. मागच्या चाकातला तो भाग, जो एका बाजूने पकडतो आणि दुसऱ्या बाजूने नुसता टकटक करत फिरतो, त्याला कान लावून ते डॉक्टरांसारखे डोळे मिटून उभे राहिले. टकटक सुरेख होती.

‘ठीक. ठीक. हेही ठीक.’

निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘ठीक’ हा शब्द इतका वाईट कधी लागला नसेल. देझो बाचींचा चेहरा प्रत्येक ‘ठीक’बरोबर उजळत होता, आणि बाकावरची बाई प्रत्येक ‘ठीक’बरोबर थोडी लहान होत होती. शेवटी ते सायकलीवर बसून रस्त्यावर गेले, पोस्टापर्यंत जाऊन परत आले आणि घंटी वाजवत अंगणात शिरले.

‘निर्दोष!’ ते गरजले. ‘लोण्यासारखी चालते. या सायकलीत बिघाड असेल तर माझं नाव बदला.’

एटेल्का नेनी म्हणाली, ‘मग मी आहे.’

‘काय तुम्ही?’

‘बिघाड. मी आहे. माझ्या आईचे पाय असेच गेले होते, शेजारी. अचानक. ओर्शोयाला सांगू नका. रविवारी नेऊ दे तिला सायकल.’

देझो बाची सायकल धरून उभे राहिले. जिंकल्यावर काय करायचं असतं ते सगळं त्यांनी आखून ठेवलं होतं, त्यात हे नव्हतं. पलीकडच्या अंगणात कुणाची तरी कोंबडी अंडं घातल्याचं सांगत सुटली होती. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, परत घेतली, परत टेकवली.

‘तुम्ही पडलात कुठे?’ त्यांनी विचारलं.

‘बांधावर. चढावर.’

‘दोन्ही वेळा?’

‘दोन्ही वेळा.’

‘आणि मी तपासली अंगणात.’ ते स्वतःवरच खवळले. ‘स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही म्हणून कुणी बोलावलं तर मी काय गोठ्यात जाऊन बटण दाबतो? हं? चला. बांधावर चला.’

‘शेजारी, कशाला...’

‘चला म्हणतो ना!’

ती चालत आणि ते सायकल ढकलत बांधापाशी आले. दुपार उतरत होती, चढावर कुणी नव्हतं. देझो बाचींनी पँटचा उजवा पाय मोज्यात खोचला, टोपी तिच्या हातात दिली, थोडं मागून वेग घेतला आणि चढाला लागले. अर्ध्यावर सायकल मंदावली. ते सीटवरून उठले. आपला सगळा देह, आणि तो देह लहानसहान नव्हता, त्यांनी डाव्या पायडलवर ठेवला.

कट्‌.

पुढे काय झालं ते सांगायला फारसं नाही. सायकल एकीकडे गेली आणि देझो बाची दुसरीकडे. दुसरीकडे खाजकुयलीसारखी झुडपं होती, गुडघ्याएवढी, वसंतातली कोवळी आणि म्हणून जास्त झोंबणारी. त्यांच्यातून आधी एक शिवी बाहेर आली, मग एक हात.

एटेल्का नेनी चढाच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभी होती. तिने आधी तोंडावर हात ठेवला. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मग ती हसली. अशी हसली की तिला कमरेत वाकावं लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि टोपीनेच ते पुसावं लागलं.

‘पडला!’ ती म्हणत होती. ‘अरे देवा, पडला! तोही पडला!’

‘शेजारीणबाई, मला लागलंय!’

‘हो, हो. फार लागलंय का?’

‘फार!’

‘शेजारी,’ ती डोळे पुसत म्हणाली, ‘पुन्हा एकदा करा.’

‘काय?’

‘एकदा कुणीही पडतं. पुन्हा पडलात तर माझी खात्री होईल.’

देझो बाचींनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं असावं, कारण ते उठले, पाठीला चिकटलेला पाला झटकला, खाली आले आणि पुन्हा चढाला लागले. या वेळी त्यांनी पडायची तयारी ठेवली होती, त्यामुळे ते पडले नाहीत. पण ‘कट्‌’ झालं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी पायथ्याशी उभी असलेली बाई टाळी वाजवत होती. गावात आजवर कुणाच्या अपयशाचं इतकं निर्मळ कौतुक झालं नसेल.

मग त्यांनी बांधाच्या माथ्यावर गवतात सायकल उलटी केली आणि दोन डोकी चाकावर वाकली. चेन नाही, तार नाही, पट्टी नाही. राहिलं काय? एटेल्का नेनीने तीन दशकं लांबून येणाऱ्या गाडीचा डबा न् डबा मोजला होता. तिची नजर एकसारख्या वस्तूंमधली वेगळी वस्तू आपोआप पकडते. मागच्या चाकाला दात्यांच्या सात चकत्या असतात, मोठीपासून लहानीपर्यंत. तिने बोट ठेवलं.

‘ही अशी का?’

चौथ्या चकतीचे दाते मांजराच्या नखांसारखे एका बाजूला वाकून टोकदार झाले होते. बाकीच्या सहांचे दाते बोथट, सरळ, आणि त्यांच्यावर कारखान्यातला काळा रंग तसाच होता. सात जणांच्या कचेरीत एकटाच काम करत आला असावा आणि उरलेल्या सहा जणांच्या खुर्च्यांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नसावा, तसं ते दृश्य होतं.

देझो बाचींनी या वेळी आधीच्या माणसाचं नाव काढलं नाही. त्यांचा स्वभाव पाहता हीच कबुली होती. मग ते म्हणाले, ‘जुनी चेन आणि ही चकती एकमेकांबरोबर झिजत गेल्या. जुन्या नवराबायकोसारख्या. चेन लांबली, तसे हिचे दातेही वाकले. जमत होतं त्यांचं. मी त्या घरात नवी सून आणून बसवली. सपाट रस्त्यावर ती मान खाली घालून चालते. चढावर जोर आला की म्हणते, नाही जमत, आणि दात्यांवरून उडी मारते.’

‘आणि बाकीच्या सहांना काय झालं? त्या का नाही झिजल्या?’

देझो बाचींनी घसा खाकरला. ‘त्या वापरल्या नाहीत.’

‘का नाही वापरल्या?’

आता हँडलकडे बघणं दोघांनाही चुकवता येईना. गिअर फिरवायची उजव्या हाताची मूठ काळ्या विजेच्या चिकटपट्टीने घट्ट गुंडाळलेली होती. सगळ्या गावाच्या सायकलींना ती तशी असते. नवी सायकल आली की कुणातरी जाणत्याला बोलावतात; तो एक चक्कर मारून ‘हा गिअर बरा आहे’ असं ठरवतो, आणि मग मूठ चुकून फिरू नये म्हणून तिच्यावर पट्टी गुंडाळतो. फिरवलं की बिघडतं, असं जाणते सांगतात. गाव सपाट आहे. वादाला कारण नाही. सोडतीतल्या त्या सायकलीसाठीही बारा वर्षांपूर्वी एक जाणता बोलावला होता, आणि त्याच्या खिशात कायम विजेची चिकटपट्टी असे.

‘तुम्ही म्हणाला होतात,’ एटेल्का नेनीने अगदी गोड आवाजात आठवण दिली, ‘की याला हात लावलात तर मी जबाबदार नाही.’

‘तुम्ही ऐकलंत म्हणूनच ना!’ देझो बाची म्हणाले. ‘एरवी कुणी ऐकतं का माझं?’

पट्टी निघता निघेना. नखांनी, मग चाकूने, मग दोन्हींनी ती सोलली; खालचं रबर नव्यासारखं काळंभोर होतं. मूठ मात्र फिरेना. तार आपल्या नळीत गंजून बसली होती. ते परत अंगणात गेले. देझो बाचींनी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब नळीत सोडला, तार सैल केली, पुढेमागे सरकवली, पुन्हा तेल, पुन्हा सरकवली. मग एटेल्का नेनीने पायडल फिरवलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी मूठ पिळली. चेनने एक क्षण कां-कूं केलं, आणि टक्‌ करून शेजारच्या तिसऱ्या चकतीवर जाऊन बसली, काळ्या रंगावर आपली पहिली चमकदार रेघ ओढत.

त्या संध्याकाळी एटेल्का नेनी चढ एकदा चढली. मग खाली येऊन दुसऱ्यांदा चढली. पायडल पायाखाली होतं, तिथेच राहिलं. पाय तिचेच होते आणि जिथे असायला हवेत तिथे होते. देझो बाची म्हणाले, नवा संच मिळेल तेव्हा चकत्या बदलून देईन. ती म्हणाली, घाई नाही. राहिलेल्या सहा माझ्याच्याने झिजायच्या नाहीत.

रविवारी ओर्शोया आणि जावई आले. गाडीच्या मागे सांगाडा होता. टेबलावर कोंबडीचं सूप ठेवलं होतं, ताटल्या मांडल्या होत्या, आणि न बोलावलेले देझो बाची लग्नाच्या कोटात लंगडत आत शिरत होते.

‘साक्ष द्यायला आलोय,’ ते म्हणाले, आणि बाही वर करून कोपरापर्यंतचे लाल चट्टे दाखवले. ‘हे पाहा. पाठीवर आणखी आहेत, पण जेवणाची वेळ आहे.’

ओर्शोयाने सगळं ऐकून घेतलं. चेन, चकती, नवी सून. मग ती आईला म्हणाली, ‘तुम्ही दोघांनी मिळून हे रचलंय.’

‘मी रचलं असतं तर मी पडलो असं रचलं असतं का?’ देझो बाची दुखावून म्हणाले.

यात तथ्य होतं. जावयाने मान डोलावली आणि चमच्याकडे हात नेला. ओर्शोयाने तो हात थांबवला. ‘आधी मला बघायचंय.’

तेव्हा सूप झाकून सगळे बांधावर गेले. ओर्शोया चढाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून. चालायला शिकणाऱ्या मुलापुढे उभं राहावं तशी. एटेल्का नेनी खालून आली. चढाला लागली. मंदावली, सीटवरून उठली, उजव्या पायावर भार दिला, मग डाव्या. मुलीच्या पुढे केलेल्या हातांना वळसा घालून ती वर गेली आणि माथ्यावर पोचल्यावरच थांबली.

ओर्शोया काही क्षण तशीच हात पुढे करून उभी होती. मग मटकन गवतात बसली.

एटेल्का नेनी सायकल आडवी टाकून खाली आली. ‘काय गं? काय झालं?’

‘काही नाही,’ ओर्शोया म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ‘मला आजी आठवत होती. स्वयंपाकघरातली खाट. मला वाटलं, आता तू. दोन आठवडे मला झोप नाही, आई.’

‘तुलाही?’

‘म्हणजे तुलाही वाटलं? मग बोलली का नाहीस?’

‘तू तरी कुठे बोललीस? तू सायकल नेते म्हणालीस.’

‘कारण आजीबद्दल कसं बोलू!’

‘मग मी कसं बोलू!’

दोघी एकमेकींवर असं ओरडत होत्या की खाली उभे असलेले दोन पुरुष अदबीने चर्चच्या मनोऱ्याकडे बघू लागले. मग ओर्शोयाने आईचा उजवा पाय हातात घेतला, नडगीवरून बोटं फिरवली, घोटा दाबून पाहिला. प्रयोगशाळेतल्या माणसाला पुरावा स्वतः हातात घेतल्याशिवाय चालत नाही.

‘दुखतं का?’

‘दाबलंस तर दुखणारच,’ एटेल्का नेनी म्हणाली. ‘उठ आता. देझो बाचींना चट्ट्यांवर काहीतरी लावायला दे, बिचारे खाजवायचे थांबलेत फक्त तू रडतेयस म्हणून.’

जावयाने परत जाताना सांगाडा उचकटून डिकीत टाकला, कारण मोकळा असला की तो वाऱ्यावर शिट्टी वाजवतो आणि सेगेदपर्यंत डोकं उठवतो. पण ते नंतर. आधी सगळे घरी येऊन टेबलाशी बसले. सूप दुसऱ्यांदा गरम करावं लागलं, त्यातल्या शेवया फुगून लगदा झाल्या होत्या, आणि प्रत्येकाने दोनदा वाढून घेतलं.